घरी बीपी मोजायची सात दिवसांची पद्धत, आणि आकडा चुकतो कुठे

पहिल्यांदा मोजलं तर १५८/९४. दोन मिनिटांनी १४४/९०. "मशीन बिघडलंय वाटतं" म्हणत शेजारच्यांचं आणलं, त्यावर १३९/८८. मग मनाला पटेल तो आकडा धरून कुणी गोळी वाढवतं, कुणी बंद करतं. खरं तर बहुतेक वेळा दोन्ही मशीनं ठीकच असतात. मधल्या वेळात माणूस शांत झालेला असतो, बोलणं थांबलेलं असतं, हात वेगळ्या उंचीवर आलेला असतो. शिवाय बीपी मुळात ठोक्यागणिक बदलतं. म्हणून घरच्या एका आकड्यावर काहीही ठरवायचं नाही. ठरलेल्या रीतीने सात दिवस मोजायचं, सरासरी काढायची आणि डॉक्टरांशी बोलायचं ते त्या सरासरीवर. पायऱ्यांचा क्रम मोडू नका, कारण आधीच्या पायरीत झालेली चूक पुढे कुठेच दुरुस्त होत नाही.

वरचं बीपी म्हणजे हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब, खालचं म्हणजे दोन ठोक्यांच्या मधला. एकक पाऱ्याचे मिलिमीटर. पुढे नुसते आकडेच दिले आहेत. मशीनवर तिसरा आकडा दिसतो तो नाडीच्या ठोक्यांचा. त्यालाच "खालचं बीपी" समजून डॉक्टरांना फोनवर सांगणारे कमी नाहीत.

## १. मशीन दंडाचं, पट्टा आपल्या मापाचा

दंडाला पट्टा बांधायचं स्वयंचलित मशीन घ्या. मनगटाचं मशीन सोयीचं वाटतं, पण मनगट छातीच्या पातळीपासून जरा वरखाली झालं की आकडा हलतो. दंड इतका मोठा असेल की कुठलाच पट्टा नीट बसत नाही, तरच मनगटाचं वापरा. बोटाला लावायची मशीनं आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारी मोबाइल अ‍ॅप यांच्या भरवशावर राहू नका. घेण्याआधी त्या मॉडेलची अचूकता स्वतंत्रपणे तपासली गेली आहे का ते पाहा. स्ट्राइड बीपी या संस्थेच्या संकेतस्थळावर अशा मॉडेलांची यादी मिळते. नुसतं कंपनीचं नाव जुळून भागत नाही, मॉडेलचा क्रमांक जुळला पाहिजे.

मशीनपेक्षा जास्त चुका पट्ट्यामुळे होतात. शिवणकामाची टेप घ्या. हात सैल सोडा आणि खांद्याचं हाड व कोपराचं टोक यांच्या बरोबर मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर येणारा साधा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. माप पट्ट्यावरच छापलेलं असतं. घेर ३४ निघाला तर तो पट्टा वेल्क्रो ताणून कसाबसा बसेल, पण आकडा जास्त दाखवेल. कारण अपुरा पट्टा दंडातली धमनी दाबायला हवेचा जास्त दाब घेतो, आणि मशीन तो तुमच्याच नावावर मांडतं. अतिमोठा पट्टा लागणाऱ्या दंडावर साधा बांधला तर वरचं बीपी सरासरी २० ने जास्त येतं. म्हणजे १२८ असलेला माणूस १४८ चा होऊन गोळ्या घेत बसतो. उलटही होतं: बारीक दंडाच्या आजींना मोठा पट्टा बांधला की आकडा कमी येतो आणि वाढलेलं बीपी लपतं.

तपासा: पट्टा गुंडाळल्यावर त्याच्या कडेवरची खूण आतल्या दोन रेघांच्या मध्ये येते का? येत नसेल तर मशीन तेच राहू द्या, त्याच कंपनीचा योग्य मापाचा पट्टा वेगळा मागवा. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळीला बसला तरी त्या मशीनसाठी बनवलेला नसतो.

घड्याळासारख्या काट्याचं, कानात स्टेथोस्कोप घालून वापरायचं यंत्र घरी नको. आपटलं, पडलं की काटा सरकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

## २. मोजण्याआधीचा अर्धा तास

या अर्ध्या तासात चहा-कॉफी नाही, विडी-सिगरेट नाही, तंबाखू नाही, व्यायाम किंवा जिने नाहीत. तंबाखूत मिश्रीही येते. ती दात घासायला वापरतात म्हणून "व्यसनात" मोजली जात नाही, पण त्यातलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. सकाळी मिश्री लावून लगेच मोजलेलं बीपी हे मिश्रीचं बीपी असतं.

लघवीला जाऊन या. हे किरकोळ वाटतं, पण मूत्राशय भरलेलं असेल तर वरचा आकडा १० ने सहज वाढू शकतो. दवाखान्यात तासभर रांगेत बसून, लघवी दाबून आत गेलेल्या माणसाचं बीपी "जास्तच" येतं त्यामागे हेही असतं.

## ३. बसायची जागा एकदाच ठरवा

सगळ्यात जास्त आकडे इथे बिघडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

खाटेच्या कडेवर, पाटावर, सोफ्यात रुतून किंवा जमिनीवर मांडी घालून मोजू नका. पाठीला टेकू असलेली साधी खुर्ची आणि शेजारी टेबल, एवढं लागतं. पाठ पूर्ण टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाठ टेकलेली नसेल तर खालचं बीपी चढतं. पायावर पाय असेल तर वरचं. बुटक्या माणसाचे पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवा.

आता हात. पट्ट्याचा मधला भाग हृदयाच्या पातळीत हवा, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या साधारण मध्यावर. हात त्याहून खाली असेल तर हृदयाच्या पातळीपासून दंडापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचं वजन आकड्यात मिळतं: १० सेंटिमीटर फरकाला सुमारे ७ ते ८. घरोघरी असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीचा हात इथेच फसवतो. त्यावर कोपर टेकवलं की दंड आरामात असतो, पण छातीपेक्षा चार बोटं खाली. हात मांडीवर ठेवला तर वरचं बीपी सरासरी ४ ने, बाजूला लोंबता सोडला तर ६ ते ७ ने जास्त येतं. म्हणून कोपरापासून पंजापर्यंतचा हात टेबलावर ठेवा, टेबल बुटकं असेल तर खाली उशी किंवा घडी घातलेली चादर घ्या, तळवा वर आणि मूठ सैल. हात स्वतःच्या ताकदीने उचलून धरला तरी आकडा वाढतो, कारण स्नायू काम करत असतात. टेकू हवाच.

तपासा: एकदा कुणालातरी समोरून पाहायला सांगा. पट्टा छातीच्या मध्याशी बरोबर आहे ना? तीच खुर्ची, तेच टेबल, तीच उशी सातही दिवस ठेवा.

## ४. पट्टा बांधणं

पट्टा उघड्या कातडीवर. शर्टाची बाही वर गुंडाळली की ती दंडावर आवळपट्टीसारखी बसते. त्यापेक्षा बाहीतून हात बाहेर काढा. घट्ट बाह्यांचा ब्लाउज असेल तर मोजायच्या वेळी सैल कपडा घाला. स्वेटरवरून कधीच नाही.

पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या सुमारे दोन बोटं वर. नळी आतल्या बाजूने पंजाकडे उतरली पाहिजे आणि पट्ट्यावरचा बाण किंवा धमनीची खूण दंडाच्या आतल्या बाजूला. घट्टपणा इतका की पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील. सैल पट्टा फुगताना फुग्यासारखा मध्ये फुगतो आणि आकडा चुकतो.

कोणता हात? पहिल्या दिवशी दोन्ही दंडांचं बीपी दोन-दोनदा घ्या. ज्या हाताचं वरचं बीपी जास्त, तोच हात पुढे कायम धरायचा. दोन्हींत नेहमीच १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा. हाताच्या धमनीत अडथळा असल्याची ती खूण असू शकते.

सावधान: डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडलेली जागा) केलेल्या हाताला पट्टा बांधू नका. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचाही हात टाळा.

## ५. आकडा घेणं

पट्टा बांधून पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद, मोबाइल दूर. मग बटण दाबा आणि मशीन चालू असताना बोलू नका, हसू नका, हात हलवू नका. बोलण्याने वरचा आकडा १० किंवा त्याहून जास्त चढतो. "किती आलं गं?" असं विचारणाराच तुमचं बीपी वाढवतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पहिला आकडा आला की पट्टा न सोडता एक मिनिट थांबा आणि दुसऱ्यांदा घ्या. दोन्ही लिहा. बहुतेक वेळा पहिला जास्त असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मनासारखा येईपर्यंत सात-आठ वेळा बटण दाबत बसू नका. त्याने हात दुखतो, जीव धास्तावतो आणि सरासरीचं गणित मोडतं.

नाडी अनियमित असल्याची खूण मशीनवर वारंवार दिसत असेल तर तिसऱ्यांदाही मोजा आणि ती बाब डॉक्टरांच्या कानावर घाला. ही मशीनं धमनीच्या कंपनांवरून दाब काढतात; ठोके अनियमित असतील तर त्यांचा हिशेब डगमगतो. शिवाय ठोक्यांच्या अशा एका विकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, त्यासाठी ईसीजी काढावा लागतो.

## ६. सात दिवसांचं वेळापत्रक

सकाळी उठल्यापासून तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी आणि बीपीची गोळी घेण्याआधी दोन आकडे. संध्याकाळी जेवणाआधी, गोळी असेल तर तिच्याही आधी, दोन आकडे. असे सात दिवस. सातही जमले नाहीत तर किमान तीन.

गोळीआधीच का, हे सगळेच विचारतात. कालच्या गोळीचा असर चोवीस तास पुरतो की पहाटेच संपतो, ते सकाळच्या या आकड्यावरूनच कळतं. गोळी घेऊन दोन तासांनी मोजलं तर आकडा छानच येणार, आणि पहाटे चढणारं बीपी कायम नजरेआड राहणार.

चुकीचं वेळापत्रक ओळखायची सोपी खूण आहे: डायरीतले आकडे "डोकं जड झालं", "चक्कर आल्यासारखं झालं" अशा दिवशीचेच असतात. वाढलेलं बीपी बहुधा काहीच जाणवू देत नाही. हृदयाची भिंत जाड होत असते, मूत्रपिंडातल्या गाळण्या आणि डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक धमन्या खराब होत असतात, आणि माणूस रोज कामावर जात असतो. डोकेदुखी असो वा नसो, घड्याळ पाहून मोजायचं.

वय जास्त असेल, मधुमेह असेल किंवा उठताना अंधारी येत असेल तर एखाद्या दिवशी बसून मोजल्यावर उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरत असेल तर ते वेगळं लिहा. अशा माणसाची गोळी नुसत्या बसल्या आकड्यावर वाढवली तर तो रात्री बाथरूमला उठताना पडतो. हे मोजताना शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

## ७. सरासरी

पहिल्या दिवसाचे आकडे वगळा. नवेपणामुळे ते चढे येतात. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे राहतात. वरच्यांची बेरीज भागिले २४, खालच्यांची वेगळी. एका दिवसापुरतं करून पाहू:

सकाळ: १४२/८८, १३६/८६
संध्याकाळ: १३४/८२, १३२/८४

वरच्यांची बेरीज ५४४, भागिले ४ म्हणजे १३६. खालच्यांची ३४०, म्हणजे ८५. सकाळचा एकटा १४२ पाहिला असता तर माणूस घाबरला असता, संध्याकाळचा १३२ पाहिला असता तर निश्चिंत झाला असता.

आकडे पूर्ण लिहा. १३७ चं १४० किंवा १३५ करू नका. वाईट आलेले गाळू नका. मशीनमध्ये आठवण असते, पण घरातले दोघे तेच मशीन वापरत असतील तर आकडे मिसळतात. त्यापेक्षा वही बरी.

## ८. सरासरीचा अर्थ

घरच्या सरासरीला १३५/८५ ही रेघ धरतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० असते, कारण तिथे बहुतेकांचं बीपी थोडं चढतं. दोनपैकी एक आकडा रेघेवर गेला तरी तो वाढलेलाच धरायचा. "खालचं ठीक आहे ना" म्हणून सोडायचं नाही. साठीनंतर बहुधा वरचंच वाढतं आणि पक्षाघाताचा धोका त्यानेही वाढतो.

दवाखान्यात जास्त आणि घरी व्यवस्थित असं असेल तर कदाचित गोळीची घाई नको, पण दरवर्षी मोजत राहावं लागतं. उलट प्रकार जास्त घातक: डॉक्टरांसमोर १३०, घरी सकाळी १५०. तो फक्त घरच्या वहीतून सापडतो. म्हणून दवाखान्यात जाताना "नॉर्मल असतं" असं तोंडी सांगू नका, वही न्या. पहिल्यांदाच वाढलेलं निघालं असेल तर डॉक्टर साधारणपणे लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि डोळ्यांचा पडदा तपासायला सांगतात. बीपीने कुठे नुकसान केलंय हे त्यातून दिसतं.

गर्भवतीसाठी हे सात दिवसांचं धोरण नाही. तिला १४०/९० आलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. १६०/११० किंवा जोडीला तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं असेल तर थेट रुग्णालय.

## ९. सरासरी जास्त आली तर गोळी वाढवण्याआधी हे शोधा

दुखण्याच्या गोळ्या. गुडघ्यांसाठी रोज घेतली जाणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन बीपी वाढवते आणि बीपीच्या गोळीचा असर कमी करते. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि ही दुखण्याची, असं त्रिकूट मूत्रपिंडाला महागात पडतं. डॉक्टरांना ही गोळी सांगायची राहून जाते, कारण ती "बीपीची नाही".

जेष्ठमध. खोकल्यासाठी महिनोन्‌महिने चघळलेला जेष्ठमध शरीरात मीठ-पाणी साठवतो, पोटॅशियम उतरवतो आणि बीपी चढवतो. सर्दीच्या काही गोळ्याही धमन्या आकसवतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमध्ये सोडियम, म्हणजे मिठातलाच घटक, असतो.

मीठ. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. ताटात वरून मीठ घेत नाही म्हणणाऱ्या घरात लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी आणि शेंगदाण्याची चटणी असतेच. मोजायचा सरळ मार्ग: मिठाची एक किलोची पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरलं तर ती पन्नास दिवस पुरायला हवी. महिन्यात संपली तर लोणचं-पापड न धरताच मर्यादा ओलांडली. सैंधव घेऊन सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

चुकलेल्या गोळ्या. पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजा. आठवण त्याच दिवशी झाली तर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही.

सावधान: आकडे चांगले आले म्हणून गोळी स्वतः बंद करू नका, ते आकडे गोळीमुळेच चांगले असतात. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी बीपीची गोळी) किंवा क्लोनिडिन ही बीपीची गोळी अचानक थांबवलं तर बीपी उसळून वर जातं. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज आली किंवा रामिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागला तर गोळी बदलता येते. न सांगता सोडून देणं हा उपाय नव्हे.

## १०. १८०/१२० आलं तर

आधी लक्षणं पाहा: छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, शुद्ध हरपू लागणं. यातलं एकही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेळेचाच असतो.

लक्षण काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसा, पट्टा आणि हात तपासा, पुन्हा मोजा. तितकंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

सावधान: निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देणं अजून काही घरांत चालतं. त्याने बीपी झपकन आणि बेहिशेबी कोसळतं, मेंदू आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो. शेजाऱ्याची गोळी किंवा स्वतःचीच आणखी एक घेणंही तसंच.

## ११. पुन्हा कधी

गोळी बदलली की डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांनी, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, पुन्हा सात दिवस. सगळं स्थिर असेल तर पुढच्या भेटीआधीचे सात दिवस पुरतात. रोज मोजून धास्ती वाढत असेल तर मशीन कपाटात ठेवा. थंडीत बीपी थोडं चढतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात उतरतं, तेव्हा ऋतू बदलल्यावर एक फेरी जास्तीची घ्या. उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्यांत चक्कर येऊन वरचं १०० च्या खाली गेलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात न्या. त्यांच्या आणि तुमच्या मशीनवर आळीपाळीने, एकाच हातावर, मिनिटभराच्या अंतराने मोजून घ्या. १० पेक्षा जास्त फरक सारखा येत असेल तर आधी सेल बदला, पट्टा आणि नळीला चीर आहे का पाहा. तरीही फरक राहिला तर मशीन बदला.